अंधारातली विभूती



आजचं चिंतन गीतेच्या दहाव्या अध्यायातल्या ४०व्या श्लोकावर. आधी भगवंतांनी भली मोठी यादी दिलीय: स्थावरांत हिमालय, जलचरांत मगर, प्रवाहांत गंगा. आणि इथे ते अर्जुनाला म्हणतात, माझ्या विभूतींना अंत नाही. हे तर नुसतं थोडक्यात सांगितलं.

हा श्लोक वाचून मी कितीदा तरी सरळ पुढे गेलोय. या वेळी अडकलो, ते एका स्पंजामुळे.

फ्रान्सच्या दक्षिणेला, मार्सेयजवळच्या ला सियोता इथे समुद्रात एक गुहा आहे. तोंड पाण्याखाली साधारण १५ मीटरवर आणि आत उतार. त्यामुळे थंड पाणी आतच साचून राहतं, बाहेर कितीही उन्हाळा असो. मिट्ट काळोख, गार पाणी, म्हणजे खोल समुद्राचीच छोटी प्रत. तिथे संशोधकांना जेमतेम दीड सेंटिमीटरचा स्पंज सापडला. स्पंज म्हणजे पाणी गाळून खाणारा जीव, ही पुस्तकातली व्याख्या. याच्याकडे पाणी खेळवायची व्यवस्थाच नाही! बारीक आकड्यांच्या तंतूंनी तो चिमुकले कवचधारी जीव पकडतो आणि सावकाश पचवतो. १९९५ मध्ये हे जगाला कळलं.

मला भावलं ते पुढचं. 'तू स्पंज नाहीस' म्हणून त्याला कुणी बाहेर काढलं नाही. व्याख्याच मोठी केली.

माझे बाबा देवळात येत नाहीत. आरतीच्या वेळी पेपर वाचत बसतात. मी मनातल्या मनात शिक्का मारून मोकळा झालो होतो. आजी अंथरुणाला खिळली, तेव्हा एकदा रात्री दोनला पाणी प्यायला उठलो. दिवा न लावता बाबा तिच्या पायांना तेल चोळत होते. आजी म्हणाली, "रोजच करतो रे तो." मी शेजारच्याच खोलीत झोपत होतो, आणि मला पत्ता नव्हता.

स्पंजाने देव सिद्ध होतो, असं मी म्हणत नाही. एवढंच कळलं, की अंत माझ्या व्याख्येला आहे, त्याच्या विभूतींना नाही.

आजचा अभ्यास: ज्याच्यावर आपण शिक्का मारलाय असं एक माणूस आठवा. आज त्याच्याकडे पुन्हा एकदा बघा. मी आज बाबांच्या शेजारी बसणार आहे. तेलाची वाटी घेऊन.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥