कौशल्य कोणाचे?

ब्राह्मणपाऱ्यात आमच्याकडे राहणाऱ्या भाच्याने मोबाईलवर क्रिकेटचे संघ लावून महिन्याचा पगार घालवला. वर म्हणाला, “मावशी, हा जुगार नाही, कौशल्याचा खेळ आहे.”

कायदा तेव्हा त्याच्याच बाजूचा होता. १८६७ च्या जुगार कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी, १९९६ साली घोड्यांच्या शर्यती कौशल्याच्या मानल्या. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम इलेव्हनला तोच न्याय लावला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने हा भेदच पुसला. पैसे लावायचा ऑनलाइन खेळ चालवणे आता गुन्हा आहे, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही.

आपल्या कमाईचे काय करावे, हे सज्ञान माणसाला सरकारने सांगावे का? मला ते खुपते. पण ‘कौशल्याचा खेळ’ हे शब्द अनुवादात लिहिताना मी दरवेळी अडखळते. कौशल्य कोणाचे? सभापर्वातल्या द्यूतातही ते होतेच, शकुनीचे. युधिष्ठिराला अक्षविद्या मिळाली ती वनात, बृहदश्व ऋषींकडून, सर्वस्व हरल्यानंतर.

नशीब आंधळे असते, म्हणून कधीतरी नवख्याकडेही वळते. कौशल्य डोळस असते; नवखा त्याला लांबूनच ओळखू येतो. न्यायालयात जो बचाव ठरला, तोच मला आरोप वाटतो.

भाच्याला विचारले, “तुझा पगार जिंकणारा तुझ्याहून कुशल होता ना?”

तो म्हणाला, “असणारच.”

मग बराच वेळ कोणीच बोलले नाही.