आधी प्रस्तावना लिहायला घ्यावी

रिटायर झालो की तबला शिकायचा. मुलं मार्गी लागली की नर्मदा परिक्रमा. घराचं कर्ज फिटलं की गावचं घर दुरुस्त करून वर्षातले चार महिने तिकडेच राहायचं. अशी वाक्यं घरोघर ऐकू येतात आणि ती बोलणारी माणसं आळशी नसतात. आधी कर्तव्य, मग आवड, हा क्रम त्यांनी समजून उमजून पत्करलेला असतो. ‘आयुष्य एकदाच मिळतं, जगून घ्या’ असं त्यांना सांगितलं तर ती हसून सोडून देतील, आणि ते योग्यच आहे. त्यांचा क्रम कुठे फसतो, हे त्यांच्याच हिशेबानं पाहायला हवं.

तो फसतो एका गृहीतकापाशी. आपण स्वप्नाला मुदत ठेव समजतो. आज बाजूला ठेवलं की साठीला ते जसंच्या तसं, जमल्यास व्याजासकट, हाती येईल असं वाटतं. पण ठेवीची रक्कम पहिल्या दिवशीच ठरलेली असते. स्वप्नाचं तसं नाही. हात लावण्याआधी ते म्हणजे नुसती एक ओढ असते. तिला आकार येतो तो काम सुरू केल्यावर. म्हणून काम पुढे ढकललं की स्वप्न घडायचंच थांबतं.

महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचं उदाहरण या दृष्टीनं पाहावं. काणे मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करत. तो व्याप सांभाळून ते नीलकंठभट्टांच्या ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाची आवृत्ती तयार करत होते. वाचकाला पार्श्वभूमी कळावी म्हणून प्रस्तावनेत धर्मशास्त्राचा थोडक्यात इतिहास द्यावा, एवढाच बेत होता. लिहायला बसल्यावर लक्षात आलं, की हा विषय प्रस्तावनेत मावणारा नाही. ‘व्यवहारमयूख’ १९२६ साली निघाला. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली आला, तेव्हा काणे पन्नाशीचे होते. पाचव्या खंडाचा शेवटचा भाग १९६२ साली आला, तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. सगळी मिळून साडेसहा हजारांच्या आसपास पानं. पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं.

ही पानं लिहायची असं ठरवून काणे कधी बसले नव्हते. वकिलीतून मोकळे होईपर्यंत ते थांबले असते, तर आपण कशासाठी थांबलो आहोत हेही त्यांना कळलं नसतं. एका प्रस्तावनेनं त्यांना पुढचा ग्रंथ दाखवला.

धोंडो केशव कर्वे यांच्या बाबतीत हेच अधिक स्पष्ट दिसतं. फर्ग्युसन कॉलेजात ते गणित शिकवत. विधवांसाठी आश्रम त्यांनी १८९६ साली काढला आणि १९०० साली तो हिंगण्याला एका झोपडीत हलवला. कॉलेजचे तास आटोपले की ते पायी हिंगण्याला जात. कॉलेजातून निवृत्त झाले १९१४ साली. म्हणजे निवृत्तीच्या दिवशी त्यांचं काम अठरा वर्षांचं झालेलं होतं. पुढे जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या मनात रुजली आणि १९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केलं. ती पुस्तिका दुसऱ्या कुणाच्या हाती पडली असती तर चाळून बाजूला ठेवली गेली असती. कर्व्यांना तिच्यात पुढची वाट दिसली, कारण मागची अठरा वर्षं ते त्याच वाटेनं चालत होते. निवृत्तीनंतर मिळालेला मोकळा वेळ त्यांच्या उपयोगी पडला, तो त्यात घालायला चालू काम होतं म्हणून.

यावर कुणी म्हणेल, ही थोरांची उदाहरणं झाली. आमच्यासारख्यांनी काय करावं? ठीक आहे, त्यांची थोरवी वगळू. त्यांच्या सुरुवातीकडे मात्र बघावं. काण्यांची सुरुवात एका प्रस्तावनेची, कर्व्यांची एका झोपडीची. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, पण त्याआधी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून एक छोटी चित्रफीत केली आणि तीच भांडवलदाराला दाखवली. यातलं काहीही आपल्या आवाक्याबाहेरचं नाही. आपण स्वप्न त्याच्या पुऱ्या आकारात डोळ्यांसमोर आणतो, त्याला पुरेल एवढा वेळ आज नाही हे खरंच असतं, आणि म्हणून सगळंच पुढे ढकलतो. नर्मदा परिक्रमेला आज सवड नसेल. पण दर रविवारी दहा किलोमीटर चालून साठीत गुडघे साथ देतील असं पाहणं आजचंच काम आहे. तबल्याचं तर बोलायलाच नको. तिथे बोटांना वळण लागायला वर्षं जातात आणि ती वर्षं निवृत्तीच्या निरोप समारंभात कुणी हार-नारळासोबत देत नाही.

उशिरा फळाला आलेली उदाहरणंही सांगितली जातात. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. पण त्यांची कविता त्याआधी कित्येक वर्षं चालू होती. पुस्तक साठीनंतरचं, लिहिता हात जुनाच.

शिवाय काही स्वप्नांची मुदत आपल्या वयावर ठरत नाही. आजोळच्या आजीबाईंकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायच्या असतील, तर हिशेब त्यांच्या वयाचा धरावा लागतो.

इथे घरातल्या बायकांची गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. पुष्कळ जणींनी आपली आवड स्वतः पुढे ढकललेली नसते; सासर, मुलं, आजारपणं यांनी ती ढकललेली असते. आणि एकाचं ‘आत्ताच’ बऱ्याचदा दुसरीच्या श्रमांवर उभं राहतं. फाळक्यांनी विमा पॉलिसी तारण ठेवून सिनेमा उभा केला, तेव्हा त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई कंपनीतल्या माणसांचा स्वयंपाक सांभाळत आणि फिल्मला भोकं पाडण्यापासूनची कामंही करत. म्हणून घरात एकाचा रियाझ सुरू होणार असेल तर दुसऱ्याच्या वेळेचाही विचार त्याच दिवशी व्हावा. संध्याकाळचा एक तास नवऱ्याचा असेल तर सकाळचा एक तास बायकोचा, आणि त्या तासात चहा कुणी टाकायचा हेही ठरलेलं असावं.

नोकरी सोडा असं यातलं कुठलंच उदाहरण सांगत नाही. काण्यांनी वकिली केली, कर्व्यांनी तास घेतले. मोकळं आयुष्य मिळण्याची वाट न पाहता त्यांनी व्यापातच एक कोपरा राखला. आपल्यालाही तेवढंच करायचं आहे: आपल्या स्वप्नाची प्रस्तावना कोणती, ते ओळखायचं आणि ती याच आठवड्यात लिहायला घ्यायची.

यात एक धोका आहे. सहा महिने तबल्यावर बसल्यावर कदाचित कळेल, की आपल्याला वाजवण्यापेक्षा ऐकण्यातच गोडी आहे. चाळीस वर्षं उराशी बाळगलेलं हे स्वप्न साठीनंतर असं गळून पडलं, तर माणूस रिकामा होतो. चाळिशीत गळून पडलं, तर त्या जागी दुसरं काही उगवायला वेळ असतो. तेव्हा स्वप्न आपलं नव्हतं हे कळायचं असेल, तरीही ते लवकर कळलेलं बरं.