राहिलेल्या मुलांची यादी

मोहीम संपते, आरोग्य खातं उरतं. मोहिमेत जे कळलं ते खात्यात कसं मुरणार? अहवाल लिहिले जातात, प्रशिक्षणं होतात आणि त्यांतून काही ना काही पुढे जातंच. पण पल्स पोलिओच्या मोहिमेकडे नीट पाहिलं तर वाटतं, तिचं सगळ्यात मोलाचं ज्ञान तिने काय मोजलं यात होतं.

देशभर ही मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली. बूथवर आलेल्या मुलांना डोस मिळत होता. न आलेली मुलं कोण, हे मात्र बूथवर बसून कळेना. म्हणून पथकं घरोघरी जाऊ लागली. डोस घेतलेल्या मुलाच्या डाव्या करंगळीला शाई लागे आणि घराच्या भिंतीवर खूण होई. सगळ्या मुलांना डोस मिळाला तर ‘पी’, एखादंही राहिलं तर ‘एक्स’. आपलं राहून गेलेलं काम चारचौघांना दिसेल असं लिहून ठेवण्याची ही रीत मला फार मोठी वाटते. संध्याकाळच्या बैठकीत बोलणं व्हायचं ते याच घरांबद्दल. मूल मामाकडे गेलंय, आजारी आहे, की घरच्यांचा नकार आहे? पुन्हा कोण जाणार? पुढे ज्यांना भिंतच नव्हती तेही यादीत आले: वीटभट्ट्या, बांधकामांवरच्या झोपड्या, भटक्यांची पालं, ऊसतोड्यांच्या कोप्या. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यातल्या एका मुलीला लक्षणं दिसली. विषाणूच्या नैसर्गिक प्रकाराची ती देशातली शेवटची रुग्ण.

नेहमीचं लसीकरण दुसऱ्या टोकाकडून चालतं. ठरलेल्या दिवशी सत्र भरतं, बाळं येतात, आरोग्यसेविका लस टोचते, नोंद होते. ज्याचं नावच नोंदवहीत नाही, ते बाळ चुकलं तरी नोंदवहीला कळत नाही. यात सेविकेचा दोष नाही. मोहिमेकडे मोजके दिवस आणि एकच काम होतं; तिच्याकडे बारा महिने आणि गरोदर मातांपासून क्षयरोगापर्यंत सगळंच. तेव्हा मोहिमेची धावपळ तिच्यावर लादण्यात अर्थ नाही. खात्याने घ्यायचा तो मोहिमेचा प्रश्न: आज कोण राहिलं?

२५ डिसेंबर २०१४ रोजी सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुष या लसीकरण कार्यक्रमाने हे बऱ्याच अंशी ओळखलं. पोलिओच्या काळात शोधलेल्या जोखमीच्या वस्त्या त्याने हाताशी घेतल्या आणि तिथे इतर लसी नेल्या. पण अशी यादी लवकर शिळी होते. वीटभट्टी जागा बदलते, बांधकाम संपलं की झोपड्या उठतात. म्हणून तयार यादी सोपवणं पुरत नाही. ती दरवेळी नव्याने करण्याचं काम कुणाच्या तरी वाट्याला, वेळेसह आणि प्रवासखर्चासह, लिहून द्यावं लागतं.

बीडहून ऊसतोडीसाठी साखर कारखान्याच्या भागात आलेल्या जोडप्याचं बाळ घ्या. त्याचं नाव गावच्या उपकेंद्रात, मुक्काम कोपीवर. मोहिमेच्या हिशेबात मूल जिथे सापडेल तिथल्या पथकाचं असे. खात्यात ते कुणाचं, हे गळीत हंगामाआधीच ठरलं पाहिजे. टोळी निघताना गावच्या आशाताईने कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राला नावं कळवायची, तिथल्या सेविकेने कोप्या फिरून ती ताडून पाहायची, आणि जी नावं जुळत नाहीत ती दोघींनी मिळून शोधायची.