सर्व पाहणारा अकर्ता असतो का?

युनिक्सच्या जगात एका वापरकर्त्याला कुठलेच दार बंद नसते. त्याचा क्रमांक शून्य, नाव रूट. मालकाने फाइलची परवानगी ६०० केली, म्हणजे ‘माझ्याशिवाय कोणी हात लावू नये’ असे बजावले, तरी रूट ती वाचतो, पुसतो, वाटल्यास तिचा मालकही बदलतो. सर्वज्ञ आणि सर्वशक्तिमान देवाचेच हे पद. फरक एवढाच, की इथे ते रात्रपाळीच्या माणसालाही मिळते.

बॅकअपचे काम बहुधा याच देवाच्या गळ्यात पडते. सगळे जपायचे तर सगळे वाचता आले पाहिजे, हे तर्काला धरूनच आहे. पण जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ च्या आपल्या निबंधात उलटे बजावले होते : प्रत्येक प्रोग्रामला कामापुरताच अधिकार असावा. प्रत काढणाऱ्याला पुसण्याचा अधिकार कशाला?

इथे प्रश्न तत्त्वज्ञानाच्या अंगणात येतो. पाहणे आणि करणे वेगळे काढता येते का? ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत याचे उत्तर ‘हो’ असे आहे. तिथला पुरुष साक्षी आहे, द्रष्टा आहे आणि अकर्ता आहे. लिनक्सने त्याची जवळजवळ प्रतिकृतीच घडवली. ‘कॅप_डॅक_रीड_सर्च’ ही क्षमता मिळालेला प्रोग्राम वाचनाच्या परवानग्या ओलांडून कोणतीही फाइल वाचू शकतो, कोणत्याही फोल्डरात शिरू शकतो. लिहिण्याचा अधिकार मात्र त्याला त्यातून मिळत नाही. रेस्टिक हे बॅकअपचे साधन रूटशिवाय चालवायचे, तर त्याच्या माहितीपुस्तिकेत हाच मार्ग दिला आहे.

युक्ती देखणी आहे, पण उपमा पुरती जुळत नाही. सांख्यांच्या पुरुषाला पाहून काही मिळवायचे नसते. बॅकअपचा प्रोग्राम पाहिलेले सगळे उचलून दुसरीकडे नेतो, त्यात कोणाच्या एसएसएचच्या खासगी किल्ल्या असतात, पासवर्डांचे हॅश असतात. किल्ली वाचणारा उद्या मालकाच्या नावाने आत येऊ शकतो. माणसांच्या जगात सर्वद्रष्टा अकर्ता राहत नाही.

म्हणून दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो : मालकाने स्वतः दार उघडावे. बॅकअपसाठी वेगळा वापरकर्ता करायचा आणि ‘सेटएफएसीएल’ने त्याला हव्या त्या फोल्डरांपुरता वाचनाधिकार द्यायचा. पुढे तयार होणाऱ्या फाइलींसाठी डिफॉल्ट नियमही लावायचा. गंमत अशी, की एखाद्या प्रोग्रामने नवी फाइल मुद्दाम ६०० परवानगीने तयार केली, तर त्या नियमाची नोंद परवानग्यांच्या यादीत दिसते पण तिचा उपयोग शून्य होतो, कारण मास्क, म्हणजे अशा नोंदींची कमाल मर्यादा, रिकामा पडतो. मालकाचा नकार शिल्लकच राहतो.

पोस्टग्रेस या डेटाबेसचे उदाहरण याहून बोलके आहे. त्याचे माहितीचे फोल्डर इतरांना बंद असते. ते जबरदस्तीने उघडून चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या उचलल्या, तर प्रत विसंगत निघू शकते. त्यापेक्षा डेटाबेसलाच ‘पीजी_डंप’ने प्रत मागावी, चौदाव्या आवृत्तीपासून सगळी टेबले फक्त वाचू शकणारी भूमिकाही तयार मिळते.

बॅकअप अडतो तेव्हा अडचणीचे मूळ पुष्कळदा फाइलीत नसतेच. वाचनाची परवानगी ठीक दिसते, तरी ‘परमिशन डिनाइड’ येते. वरच्या एखाद्या फोल्डरला शिरण्याची, म्हणजे ‘एक्स’ची, परवानगी नसते. ‘नेमआय -एल’ दिल्यावर वाटेतली प्रत्येक पायरी दिसते. नव्या गटात घातलेल्या वापरकर्त्याने पुन्हा लॉगिन केले नाही, तर तो गट त्याला लागू होत नाही, हेही नेहमीचे. आणि रूट म्हणजे सर्वत्र रूट असेही नाही : एनएफएसवर ‘रूट_स्क्वॉश’ चालू असले, की दूरच्या सर्व्हरच्या दारात हा देव ‘नोबडी’ होतो.

परत ठेवण्याची वेळ आली, की आणखी एक मर्यादा दिसते. रूटशिवाय फाइलींची मालकी बदलता येत नाही. सगळे काही बॅकअपवाल्याच्याच नावावर उतरते. आरसिंकचा ‘फेक-सुपर’ पर्याय मूळ मालकाची नोंद फाइलच्या जादा गुणधर्मांत लिहून ठेवतो, मात्र ती प्रत्यक्षात आणायला शेवटी रूटच लागतो.

जीएनयू टारला एखादी फाइल उघडता आली नाही, तर तो तिचे नाव सांगतो, बाकीच्या घेतो आणि शेवटी २ हा अपयशाचा आकडा देतो. अनेक स्क्रिप्टांत हे संदेश ‘डेव्ह-नल’मध्ये ढकलून दिलेले असतात. ढकलणारा तो तुकडा आजच काढून टाका आणि सुटलेल्या फाइलींची यादी त्यांच्या मालकांना दाखवा.