एकाच काडीची बाग

हापूसच्या बागेत एखादं कलम असं असतं की मालकाचा त्याच्यावर विशेष जीव. आजूबाजूच्या कलमांचा मोहर गळून जातो, तेव्हाही ते लगडलेलं असतं. नवी लागवड करायची तर कलमकाडी याचीच घ्यायची, हे त्यानं मनाशी ठरवून टाकलेलं असतं. आनुवंशिकतेचं शास्त्र मात्र इथे सहसा त्याच्या बाजूनं बोलत नाही.

डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सन यांनी १९०३ साली घेवड्यावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. मिश्र बियाण्यातून जड दाणे निवडून पेरले, तर पुढची पिढी सरासरीनं जड निघे. पण एकाच दाण्यापासून वाढवलेल्या वंशात जड दाणा पेरा की हलका, पुढच्या पिढीची सरासरी तीच! त्या वंशातही दाणे लहानमोठे होतेच. पण तो फरक मातीचा, ओलीचा, शेंगेतल्या जागेचा. तो पुढे जात नव्हता. (‘जीन’ हा शब्दही याच माणसाचा, १९०९ मधला.)

आपली हापूसची बाग म्हणजे असाच एक वंश. कोय लावून हापूस मिळत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या काडीवर काडी बांधत आलो. क्वचित एखाद्या फांदीत जनुकीय बदल होतो, तो सोडला तर बागेतली सगळी कलमं म्हणजे वंशानं एकच झाड. आता झाडाझाडांच्या उत्पन्नातल्या फरकापैकी आनुवंशिक वाटा किती, असं विचारलं तर उत्तर जवळपास शून्य येतं. मला यात फार गंमत वाटते. स्वाद, रंग, साका होण्याची खोड, वर्षाआड फळण्याची सवय, सगळं काडीतून जसंच्या तसं उतरतंय. आणि तरी हिशेब शून्य, कारण हिशेब फरकाचा आहे आणि वाटून घ्यायला फरकच उरलेला नाही.

काजूची गोष्ट उलटी. कोकणात आणि गोव्यात तो कित्येक वर्षं बियांपासूनच लावला गेला, त्यामुळे डोंगरावरचं प्रत्येक झाड वेगळं. बी बारीक की टपोरी, घोस केवढा, बोंड लाल की पिवळं, काहीच एकसारखं नाही. बागायतदाराच्या दृष्टीनं हा वैताग. निवड करणाऱ्याला मात्र खजिना. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं तो उघडला. ‘वेंगुर्ला-१’ ही जात मूळची आणसूरची निवड. ‘वेंगुर्ला-४’ च्या जनकांपैकी एक ‘वेतोरे-५६’. दोन्ही नावं तालुक्यातल्याच गावांची. आंब्यात याच केंद्रानं नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली ‘रत्ना’ दिला: दरवर्षी फळणारा, साका नसलेला. गिऱ्हाईक अजून हापूसच मागतं, ते सोडा.

पण खजिन्यातूनही सगळंच सारख्या सहजतेनं हाती लागत नाही. फळाचं किंवा बीचं वजन हा तुलनेनं भरवशाचा गुण. आईबापांवरून मुलांचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. झाडाचं एकूण उत्पन्न तसं नाही. त्यात मोहर किती आला, त्यात संयुक्त फुलं किती, परागीभवन झालं का, ढगाळ हवेत तुडतुड्यानं किती खाल्लं, असं सगळं मिसळलेलं असतं. म्हणून एका हंगामाच्या तोडीवर झाडाची परीक्षा करणं मला धाडसाचं वाटतं. वर्षाआड फळणाऱ्या झाडाची तर बरीच वर्षं ओळीनं नोंद हवी. एवढा धीर संशोधन केंद्राला परवडतो. कर्ज काढून बाग करणाऱ्याला कसा परवडावा?

मग त्या लाडक्या कलमाचं काय? त्याच्याखाली कातळ खोल असेल, माती जास्त असेल, खारा वारा कमी लागत असेल. आणखी एक शक्यता आहे, जिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. काडी हापूसची असली, तरी ती बांधली जाते रायवळच्या कोयीतून उगवलेल्या रोपावर, आणि रायवळच्या मिसळीच्या ढिगातली प्रत्येक कोय वेगळ्या वंशाची असू शकते. म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या त्या बागेतही आनुवंशिक फरक आहे, फक्त कलमाच्या सांध्याखाली. वरची जात रोपवाटिकेच्या पावतीवर छापलेली असते. खुंट कुठल्या झाडाचा, याची नोंद ठेवलेली रोपवाटिका माझ्या तरी पाहण्यात नाही.