विचारणाऱ्याचा अधिकार

आळंदीहून निघालेली ज्ञानोबांची पालखी ज्या रस्त्याने पुण्यात येते, त्याच रस्त्यावरील विश्रांतवाडीच्या पलीकडे, धानोरी-लोहगावच्या अंगाला नव्या इमारतींचे सांगाडे उभे राहत असताना त्यांच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांतून परप्रांतीय गवंडी आणि बिगारी राहतात. आणि अशा वस्तीत दिवेलागणीला कोणी शिक्षित इसम छापील तक्ता घेऊन निरोधाविषयी या माणसांचा कल मोजावयास येतो, तेव्हा तो प्रश्न केवळ आरोग्यखात्याचा राहत नाही. दुसऱ्याच्या अंतःकरणाचे माप घेण्याचा अधिकार कोणाला आणि कशाने प्राप्त होतो, हा धर्माचाच प्रश्न आहे.

मापाचे साधन जुने आहे. लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली रूढ केलेली पायऱ्यांची पट्टी आजही चालते: ‘निरोध वापरणे म्हणजे जोडीदारावर अविश्वास दाखवणे’ असे विधान वाचून दाखवायचे आणि ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाचांपैकी एका रकान्यात खूण करायची. पण ज्याच्या नखांतले सिमेंट अजून निघालेले नाही, ज्याचा मुकादम चार हातांवर बिडी ओढीत उभा आहे, तो मजूर खाली पाहून ‘जैसा आप ठीक समझो, साहब’ म्हणतो, तेव्हा कोणत्या रकान्यात खूण करावी? त्याने आपला कल सांगितलेला नाही. विचारणाऱ्याची पायरी मात्र अचूक ओळखली आहे.

बोलणे आणि वागणे यांतले अंतर लापियर या समाजशास्त्रज्ञाने १९३४ सालीच दाखवून दिले होते. एका चिनी दांपत्याबरोबर अमेरिकेत हिंडताना अडीचशेंवर हॉटेले-खाणावळींपैकी एकाच ठिकाणी त्यांना मज्जाव झाला. पुढे पत्राने विचारता उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी चिनी गिऱ्हाईक घेणार नाही असे कळविले. वृत्ती ही मनाच्या कोठारात साठविलेली वस्तू नसून प्रसंगी, समोरच्या माणसासमक्ष, घडत जाणारी गोष्ट आहे, असे मला यावरून वाटते. म्हणून एकाच खोलीत आठजण निजणाऱ्या आणि अनोळखी भाषेत मेडिकलवाल्याकडे निरोध मागावा लागणाऱ्या माणसाचा संकोच त्याच्या ‘प्रतिकूल वृत्ती’च्या खात्यावर मांडणे, हा मला अन्याय वाटतो. परिस्थितीचे पाप आपण त्याच्या नावे चढवितो.

या बाबतीत र. धों. कर्वे यांचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणाऱ्या आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविणाऱ्या या माणसाने लोकांची वृत्ती मोजली नाही; लोकांनाच विचारू दिले. त्यांच्यावरील १९३४ चा खटला, ज्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच झाला होता. माणूस उत्तर देताना सावध असतो, पण आपल्या गरजेने, निर्भयपणे विचारतो तेव्हा त्याचे भय, त्याची लाज आणि त्याची जबाबदारीची जाणीव एकदमच प्रकट होते. असे ऐकून घेणारा शिक्षा भोगावयास तयार होता. अधिकार त्याला तेथून आला.

तक्ता फेकून द्यावा असे माझे म्हणणे नाही. किती पाकिटे कोठे पोहोचवायची हे ठरविण्यास गणती हवीच. परंतु तक्त्याआधी मुकादमाला दूर पाठवून, त्या मजुराच्याच बोलीत त्याला विचारू द्यावे. छठपूजेला गावी गेल्यावर पेटीत हे पाकीट बायकोला सापडले तर काय सांगू, असे तो विचारील. फुकट मिळणारे फाटते काय, हेही विचारील. आणि या प्रश्नांची उत्तरे देण्याची तयारी करूनच वस्तीत पाऊल टाकावे.