एका गोलाची शिक्षा

गावात माणसाला एकदा नाव चिकटलं की ते सरणापर्यंत जातं. आमच्याकडं एकाच्या विडीनं कडब्याची गंजी पेटली. पुढं चाळीस वर्षं तो लोकांच्या अडीनडीला धावला, रातोरात बैलगाडी जुंपून बाळंतिणींना तालुक्याला नेलं. तरी पोरं त्याला ‘गंजीजाळ्या’च म्हणत.

हे खेड्यापुरतंच आहे असं समजू नका. ब्राझीलसारख्या अवाढव्य देशानं मोआसिर बार्बोझाशी हेच केलं.

बार्बोझा वास्को द गामा क्लबचा गोलकीपर. हातमोजे न घालता खेळायचा. 1949 मध्ये ब्राझील दक्षिण अमेरिकेचा विजेता झाला, तेव्हा गोलात तोच उभा होता. मग उजाडला 16 जुलै 1950. रिओचं माराकाना मैदान, विश्वचषकाचा शेवटचा सामना, समोर उरुग्वे. ब्राझीलला नुसती बरोबरी पुरत होती. 1-1 असताना उरुग्वेचा घिज्जा उजवीकडून घुसला. मघाशी त्यानं असाच येऊन चेंडू मधे दिला होता आणि गोल झाला होता. आताही तो तसंच करील म्हणून बार्बोझा जरा पुढं सरकला. घिज्जानं खांबाजवळच्या फटीतून चेंडू आत मारला. 2-1.

अंदाज शहाणपणाचा होता, फळ उलटं आलं. मृगात पेरलं, पावसानं ओढ दिली, बी करपलं, तर आपण शेतकऱ्याला मूर्ख म्हणत नाही. मग गोलकीपरच गुन्हेगार कसा? खेळले अकरा जण. पण दोष वाटून घ्यायचा तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडा येतो. एकाच्या डोक्यावर ठेवला की बाकीचे मोकळे. आणि ते डोकं कुणाचं, हेही ठरलेलं असतं. सगळ्यात जास्त बोल लागला तो बार्बोझाला आणि बचावपटू बिगोदेला. दोघंही काळे. आपल्याकडच्या माणसाला हे फोड करून सांगायला नको.

त्या हारीनंतर ब्राझीलनं पांढरा शर्ट टाकून पिवळा घेतला. बार्बोझाला मात्र अंगाला चिकटलेलं काही टाकता आलं नाही. ब्राझीलमध्ये सगळ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची, मी पन्नास भोगतोय, असं तो म्हणायचा. 2000 साली तो गेला. तोवर ब्राझीलनं चार विश्वचषक जिंकले होते.

नुकसान भरून आलं की राग निवतो, असं म्हणतात. चार कप घरात आल्यावरही तो निवला नाही. माफी आपसूक येत नसते. कुणीतरी उठून ती द्यावी लागते, आणि माणूस जिवंत आहे तोवरच.